टॅकेटांचा एलायहू

मेलेल्या माणसांचं एक बरं असतं. ती उलटून काही विचारत नाहीत. आर्डिथला म्हणूनच ती आवडायला लागली होती, आणि जितकी जुनी मेलेली तितकी जास्त. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस म्हणजे तर सुखच. त्याच्यासाठी रडणारं कुणी शिल्लक नसतं. तो कधी जन्मला, कुणाशी लग्न केलं, कुठल्या उतारावर मका लावला, एवढं शोधायचं आणि मोकळं व्हायचं.

ताजा मेलेला मात्र तिला नको होता. ताजा मेलेला तिच्या घरातलाच होता.

गेल्या पानगळीत तिचा मुलगा ओंडक्यांनी भरलेला ट्रक घेऊन डोंगराचा उतार उतरत होता. ब्रेक लागले नाहीत. यापलीकडे सांगण्यासारखं त्यात काही नाही. केंटकीच्या आमच्या या डोंगरांत ट्रक चालवणारी पोरं अशी जातात आणि दर वेळी कुणीतरी पुढारी येऊन रस्ता रुंद करू म्हणतो. पोराचं नाव एलायहू. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं, घरी आला की फ्रिज उघडून दुधाची बाटली तशीच तोंडाला लावायचा. तो गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण आणलं. भाजलेलं हॅम, मॅकरोनी, परत हॅम. आर्डिथने सगळ्यांची भांडी घासूनपुसून, ज्याचं त्याचं नाव खाली चिकटवून परत केली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, काय खंबीर बाई आहे हो! डोंबलाची खंबीर. तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो ना, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. कॉफी गरम आहे की गार, हेसुद्धा कपातून वाफ येतेय का ते बघून कळायचं.

नवरा तर केव्हाच वारलेला. राहता राहिली मुलगी, ट्रेसा. ती आपल्या नवऱ्याबरोबर, होबार्टबरोबर, नदीपलीकडे राहायची आणि दर रविवारी चर्चनंतर आईकडे यायची.

हिवाळा लागला तसा डेन्झिल आला. डेन्झिल टॅकेट हा आर्डिथचा चुलतभाऊ. आयुष्यभर पोस्टमास्तर होता. तेव्हा लोकांची पत्रं वाटली, आता लोकांना पूर्वज वाटत फिरतो. लग्न असो की मयत, याने वंशावळीचं भेंडोळं उलगडलं की जमलेल्यांना अचानक घरच्या गाईची आठवण होते.

"ऐक आर्डी," तो टोपी न काढताच म्हणाला. "आपल्या खापरपणजोबाचा दगड पाहिलास ना टेकडीवर? वीज पडून फुटला तो. वरचा अर्धा राहिलाय, खालच्याचा भुगा. मी ठरवलंय, या डेकोरेशनच्या रविवारी नवा बसवायचा. ग्रॅनाइटचा. तू मला जरा शोधाशोधीला मदत कर. तुझाही वेळ जाईल."

"कुणाचा दगड म्हणालास?"

"एलायहूचा." आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... जुना गं. यादवी युद्धातला."

"हं," आर्डिथ म्हणाली. "बस. टोपी काढ. कॉफी घे."

डेकोरेशनचा रविवार म्हणजे मे महिन्यातला. त्या दिवशी घळीतले सगळे टॅकेट टेकडीवरच्या दफनभूमीत जमतात. कामधंद्यासाठी ओहायोत नि मिशिगनमध्ये गेलेलेही गाड्या भरून येतात. थडगी साफसूफ करायची, फुलं वाहायची आणि तिथेच, मेलेल्यांच्या मधोमध, चादरी अंथरून जेवायचं. डेन्झिलला त्या दिवशी भाषण ठोकायचं होतं, दुसरं काय! पण आर्डिथला हे काम लागलं ते लागलंच.

खरं कारण वेगळं होतं. पोराचं नाव त्याच खापरपणजोबावरून ठेवलेलं. पोर गेल्यापासून आर्डिथने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'तो' म्हणायची. 'त्याचे बूट', 'त्याची खोली'. आता मात्र ती दिवसभर ते नाव घेऊ शकत होती. एलायहू अठराशे सत्तर साली कुठे होता? एलायहूने कुणाची मुलगी केली? एलायहूची जमीन ओढ्याच्या अल्याड की पल्याड? कोर्टाच्या तळघरात, वाचनालयात, दुकानात, कुठेही खुशाल म्हणावं. ऐकणारा मान खाली घालत नव्हता, तिच्या खांद्यावर हात ठेवत नव्हता. आणि तिलाही काही होत नव्हतं. अगदी काही म्हणजे काही नाही.

नाताळच्या दिवशी ताटं आवरताना ट्रेसा म्हणाली, "मम्मी, मला दिवस गेलेत."

"अगं बाई," आर्डिथ म्हणाली. हातातलं ताट पुसत राहिली. "बरं झालं."

"मुलगा झाला तर एलायहू ठेवीन म्हणते. होबार्टची ना नाही. पण तुला चालेल का? तुझ्या मनाविरुद्ध नाही ठेवायची मी."

"बघू."

फेब्रुवारीत कळलं की मुलगाच आहे. ट्रेसाने परत विचारलं. आर्डिथ म्हणाली, बघू. मार्चमध्ये ट्रेसा तिच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. पोट दिसायला लागलं होतं.

"बघू बघू काय, मम्मी? हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही."

"माझ्या डोक्यात आत्ता ते युद्धाच्या वेळचं चाललंय. ते एकदा हातावेगळं होऊ दे."

"युद्ध संपलं गं! केव्हाच संपलं!" ट्रेसाचा आवाज चढला, मग खाली आला. "हे बघ. डेकोरेशनला सगळे जमतील. त्या दिवशी मी नाव सांगणार आहे. त्याआधी मला काय ते सांग. तू गप्प बसलीस तर ते 'नाही' समजेन."

"सांगते," आर्डिथ म्हणाली.

सांगायला काय जात होतं? पण हो म्हणावं असंही तिला वाटेना आणि नाही म्हणावं असंही वाटेना. मन म्हणून जिथे काहीतरी असतं तिथे हात घातला तर रिकाम्या डब्यात घातल्यासारखा. तुम्ही म्हणाल, आई आहे की कोण! मीही म्हटलं असतं. पण मी तिला त्या महिन्यांत पाहिलंय, तेव्हा मी काही म्हणत नाही.

इकडे खापरपणजोबाचं गणित जमत नव्हतं.

"डेन्झिल, तुझ्या घरच्या बायबलात याचा जन्म अडतीस सालचा लिहिलाय," ती एके दिवशी म्हणाली. "मग पन्नासच्या जनगणनेत हा पाच वर्षांचा कसा?"

"जनगणनेवाला प्यायलेला असणार."

"आणि साठच्या?"

"तो दुसरा होता. तोही प्यायलेला."

"दर वेळी वय सातच वर्षांनी कसं रे कमी भरतं? सगळ्यांनी एकाच भट्टीची घेतलेली दिसते."

"घरातलं बायबल खोटं बोलेल का आर्डी? खुद्द आईबापाच्या हातचं लिहिलेलं आहे ते. एलायहू, जन्म मार्च अठराशे अडतीस. तेवीस वर्षांचा गडी घोड्यावर बसून युद्धावर गेला." त्याखालचं पान उंदरांनी कुरतडून नेलं होतं, हे मात्र तो कुणाला सांगत नसे. "आणि आता बोलून उपयोग नाही. दगड कोरायला टाकलाय. अठराशे अडतीस ते एकोणीसशे सतरा. सुरेख आकडे आहेत."

आर्डिथने कागद घडी घालून ठेवले. पण तिच्या डोक्यातून ते जाईना. गणित चुकलं की ती आधीपासून अशीच चिकटायची.

डेकोरेशनच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती टेकडीवर गेली. बरोबर बादली, मऊ ब्रश, खुरपं, न्हाणीघरातला जुना आरसा आणि मूठ लावलेली लांब लोखंडी सळई. डेन्झिल आपल्या ट्रकमधून ओपल आत्याला घेऊन आला होता. ओपल आत्या म्हणजे आर्डिथच्या बापाची बहीण, नव्वदी ओलांडलेली, टॅकेटांतली सगळ्यांत म्हातारी. तिला घडीच्या खुर्चीत झाडाखाली बसवलं. आर्डिथ आजोबांच्या दगडाशी बसली तशी तिने तिथून ताबडतोब हुकूम सोडायला सुरुवात केली.

"त्या दगडाला तारेचा ब्रश लावू नकोस गं! माझा बाप आहे तो!"

"मऊ ब्रश आहे, आत्या."

"मग जोरात घास."

आर्डिथने सळई घेतली. जुने लहान दगड वर्षावर्षाला खाली बसत जातात, वर गवत येतं, मग कुणाला पत्ता नसतो. सळई रोवत जायचं. मातीत ती सुरीसारखी जाते, मुळाला लागली तर थबकते, दगडाला लागली की टण् वाजते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. खापरपणजोबाच्या फुटक्या दगडाशेजारी त्याच्या आईचा दगड होता. महेला, जोसाया टॅकेटची बायको. एवढंच. महेलाच्या पायाशी बरीच मोकळी जागा होती. इतकी मोकळी जागा आमच्या टेकडीवर कुणी उगाच सोडत नाही.

टण्.

वीतभर खाली होता. आर्डिथने गुडघे टेकून हिरवळीचा पापुद्रा अलगद उचलला, माती काढली, पाणी ओतलं. दगड एवढासा, चुलीशेजारच्या स्टुलाएवढा. डेन्झिलला म्हणाली, "आरसा धर. असा नाही, तिरपा." आरशातून ऊन आडवं पडलं तशी अक्षरं वर आली. डेन्झिल वाचायला लागला, भाषणाच्याच आवाजात.

"एलायहू. जोसाया आणि महेला टॅकेट यांचा मुलगा. जन्म मार्च अठराशे अडतीस. मृत्यू..." त्याचा आवाज बसला. "मृत्यू ऑगस्ट अठराशे एक्केचाळीस."

"तीन वर्षांचा," आर्डिथ म्हणाली.

"पण हा तर सतरा साली मेला!"

"हा एक्केचाळीसलाच मेला. तिसऱ्या वर्षी मेलेला पोरगा घोड्यावर बसून युद्धावर कसा गेला, विचार तुझ्या जनगणनेवाल्याला."

तिला बरं वाटलं, मी खोटं कशाला सांगू. गणित सुटलं म्हणून बरं वाटलं. समोर तीन वर्षांच्या पोराचं थडगं आहे, हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं, पण आत काही शिरत नव्हतं. तिने सळई उचलली आणि पुढे रोवली. टण्. हातभर अंतरावर दुसरा, त्याहून लहान. याच्यावर जन्माचं साल होतं, त्रेचाळीस, आणि खाली 'वय नऊ महिने'. नाव तेच. एलायहू.

डेन्झिल गवतावर फतकल मारून बसला. "म्हणजे आपला कुठला?"

"तिसरा!" झाडाखालून ओपल आत्या ओरडली. तिला कानाने कमी ऐकू यायचं, पण हवं ते बरोबर ऐकू यायचं. "आपला तिसरा. पंचेचाळीस सालचा. त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? तेव्हा तसंच करायचे. पोर गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव. घरातलं नाव असायचं, आजोबाचं, ते पुढे चालायला नको?"

"आत्या, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू येतोस, बोलतोस आणि जातोस." आत्याने काठी आपटली. "आणि कसला तेवीस वर्षांचा गडी! मिसरूड फुटलं नव्हतं त्याला. वय चोरून गेला पळून. घोडा नव्हता, खेचर होतं. तेही शेजाऱ्याचं."

डेन्झिलने डोळे मिटून घेतले. बिचाऱ्याचं भाषण तिथल्या तिथे वारलं.

आर्डिथ ब्रश हातात घेऊन आत्यापाशी आली. "तुला कुणी सांगितलं हे?"

"माझ्या आजीने. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा म्हातारी महेला जिवंत होती. शेगडीजवळ बसलेली असायची. आजी सांगायची, महेलाने त्या तिसऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही. 'ए पोरा' म्हणायची. आपला पन्नाशीला आला, नातवंडं झाली, दाढी पांढरी झाली, तरी आई म्हणतेय, ए पोरा, लाकडं आण. जोसाया म्हणायचा, अगं त्याला नाव आहे. तर ही गप्प. आणि मरताना काय झालं माहीत आहे का?"

"काय?"

"मरताना हाका मारायला लागली. एलायहू! एलायहू! असं घर डोक्यावर घेतलं. तो शेतात होता. कुणीतरी पळत जाऊन सांगितलं, तुझी आई तुझं नाव घेतेय. जन्मात पहिल्यांदा! धावत आला गं तो, चिखलाचे पाय घेऊन थेट तिच्या खाटेशी. म्हणाला, मा, मी आलो. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुला नव्हे रे."

डेन्झिलने टोपी काढली. 

"आजी म्हणायची, तो ओसरीत जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला," आत्या म्हणाली. "चला, मला घरी सोडा. ऊन लागतंय."

आर्डिथने दोन्ही दगड उचलून, पायाशी बारीक खडी भरून, गवताच्या वर दिसतील असे नीट उभे केले. दुपार त्यातच गेली. हात चालत होते आणि डोक्यात तेवढंच फिरत होतं. तुला नव्हे रे. तिला महेलाचा राग येत होता. हळूहळू येत होता, लांबून कुणीतरी चालत यावं तसा, पण येत होता. बाई, नाव द्यायचं नव्हतं तर द्यायचं नव्हतं. दिलंस तर मग मारायची होती हाक. पोराने काय घोडं मारलं होतं तुझं?

आणि मग स्वतःचा राग आला. आपण दुसरं काय करतोय? दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला सारखं हाका मारतोय आणि आपल्या पोराला 'तो' म्हणतोय.

संध्याकाळी घरी आल्यावर ती मागच्या पायऱ्यांवर बसली. कोंबड्या खुराड्यात चालल्या होत्या. तिने म्हणून पाहिलं. "एलायहू, पाय पूस." आवाज घोगरा निघाला. परत म्हटलं. "एलायहू, इकडे ये, नाक शिंकर." हे एका लहान मुलाला म्हटलेलं होतं, अजून न जन्मलेल्या. जमलं. रडू आलं नाही, आनंदही झाला नाही, पण जमलं. मी मारीन हाक, ती मनाशी म्हणाली. रोज मारीन. ट्रेसाला उद्या 'हो' सांगायचं. खूप महिन्यांनी तिने काहीतरी ठरवलं होतं. फोन उचलला, मग ठेवला. असं फोनवर कशाला, उद्या तोंडानेच सांगू, तिचा चेहरा तरी बघायला मिळेल.

इथे चुकलं. पण तेव्हा कुणाला कळतं!

रविवारी ऊन छान पडलं होतं. गाड्या टेकडीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत लागल्या होत्या. आर्डिथला यायला उशीर झाला, कारण सुक्या सफरचंदांचा थरांचा केक गाडीत कलंडला आणि तो परत उभा करण्यात वेळ गेला. वर पोचली तर डेन्झिलने दुकान मांडलेलंच होतं. रात्रीत त्याने सगळं फिरवून घेतलं होतं. आता हा शोध त्याचा होता. नव्या ग्रॅनाइटच्या दगडावरचं चुकलेलं जन्मसाल झाकायला त्याने पुढ्यात प्लास्टिकच्या फुलांची मोठी कुंडी ठेवली होती आणि ओहायोकरांना ओढून ओढून त्या दोन छोट्या दगडांपाशी नेत होता.

"या, या, बघा! दोन एलायहू! पहिला तीन वर्षांचा, दुसरा नऊ महिन्यांचा! आपल्या घराण्यात हे नाव किती धरून ठेवलं बघा!"

ट्रेसा तिथे उभी होती. एक हात पोटाखाली धरून, जड झालेल्या बायका धरतात तसा. ती त्या धाकट्या दगडाकडे बघत होती. आर्डिथने लांबून हात केला. ट्रेसाने पाहिलं नाही.

आर्डिथला वाटलं, आत्ताच जाऊन सांगावं. पण मध्ये एक मिशिगनची वहिनी गळ्यात पडली, मग कुणीतरी केक कुठे ठेवू विचारलं, मग पाळकांनी प्रार्थनेला सगळ्यांना गोल उभं केलं. जेवण झालं की सांगू, ती म्हणाली. चादरी अंथरल्या गेल्या. तळलेली कोंबडी, बेकन घालून शिजवलेल्या शेंगा, मक्याचा ब्रेड. आर्डिथने शेंगा तोंडात घातल्या आणि त्यांना चव लागली. मीठ जास्त पडलं होतं. तिला नवल वाटलं.

तेवढ्यात डेन्झिल ताट हातात घेऊन उभा राहिला. "ट्रेसा, पोरी, बाळाचं नाव ठरलं का? टॅकेटांना पाचवा एलायहू मिळणार, असं कानावर आलंय आमच्या!"

लोक हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

"नाही," ट्रेसा म्हणाली. "वेंडल. होबार्टच्या आजोबांचं नाव."

"वेंडल! वा, चांगलं आहे!" बायका म्हणाल्या. "छान भारदस्त आहे." आणि मक्याचा ब्रेड पुढे सरकला. झालं. एवढ्यात झालं ते.

आर्डिथ ताट ठेवून उठली. ट्रेसाच्या कोपराला धरून तिला थोडं बाजूला घेऊन गेली, फुटक्या दगडाच्या मागे.

"मी हो म्हणणार होते," ती म्हणाली. "आज. जेवण झाल्यावर. मी हो म्हणणार होते, ट्रेसा."

ट्रेसा तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. थकून.

"मम्मी, मी नाताळपासून विचारतेय."

"माहीत आहे."

"माझा भाऊ होता तो. तू त्याचं नाव घेत नाहीस म्हणून मीही तुझ्यासमोर नाव घ्यायचं सोडलं. गाडीत एकटी असताना घ्यायचे, मोठ्याने. वाटायचं, बाळाला ठेवलं की घरात परत म्हणता येईल. सगळ्यांना म्हणता येईल."

"मग ठेव ना. अजून काही बिघडलं नाही. मी सांगते सगळ्यांना, थांब."

"नको." ट्रेसाने दोन्ही हात पोटावर ठेवले. "मी सकाळी आले आणि ते दगड पाहिले. काल मी 'एलायहू' म्हटलं की मला दादा दिसायचा. आज म्हटलं तर तो नऊ महिन्यांचा दिसतो. आता हे पोर बाहेर आलं की मी महिने मोजत बसेन. मला भीती वाटते, मम्मी. मला ते नाव आता नकोय."

"अगं, जुने दगड ते. दीडशे वर्षं जमिनीत होते, कुणाला माहीतही नव्हते."

"तूच काढलेस ना वर," ट्रेसा म्हणाली.

 आर्डिथला ते नाव हवं होतं. सबंध हिवाळा जे हवंही नव्हतं नि नकोही नव्हतं, ते आता हवंच होतं. तिला ते परसात हवं होतं, जिन्यावर हवं होतं, शाळेच्या बसमागे ओरडायला हवं होतं. ती तिथेच गवतावर बसली आणि रडली. हुंदके देऊन, तोंड न झाकता, लोकांनी माना वळवल्या तरी. "माझं पोर गं," ती म्हणत होती, "माझा एलायहू, माझं पोर गं." चादरीवरची माणसं उठायला लागली तशी ओपल आत्याने काठी आडवी धरली आणि म्हणाली, "बसा खाली. रडू दे तिला."

ट्रेसा कशीबशी, एका हाताने दगडाचा आधार घेत, आईशेजारी खाली बसली. आर्डिथने तिचा हात धरला, घट्ट, दुखेल इतका.

"ठेव ना गं," ती म्हणाली. "मी हाक मारीन. रोज मारीन."

"आता नाही गं, मम्मी," ट्रेसा म्हणाली, आणि तीही रडायला लागली.